बालतंत्रिकावैद्यक

अर्भके व बालके यांच्या मेंदू, मेरुरज्जू, परिसरीय तंत्रिका (मज्जा) आणि स्नायू यांच्या विकारांचे निदान, चिकित्सा व प्रतिबंध यांचा विचार करणाऱ्या वैद्यकशाखेस ‘बालतंत्रिकावैद्यक’ म्हणतात. बालवैद्यक व तंत्रिकावैद्यक या दोन्ही शाखांच्या संगमातून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्वतंत्र शाखा उदयास आली. प्रौढाचे तंत्रिका तंत्र पूर्णत्वास पोहोचलेले असते आणि रोगामुळे त्यातील संपादित कार्याचा ऱ्हास होतो. बालकाचे तंत्रिका तंत्र मात्र घडत असतानाच रोगग्रस्त होते. त्यामुळे एकाच विकृतीची लक्षणे वयानुसार निरनिराळी दिसतात, काही लक्षणे इजा झाल्यानंतर अनेक महिन्यांनी प्रकट होतात आणि उपचारास झालेल्या विलंबाचे परिणाम आयुष्यभर राहू शकतात. या शाखेत कालाला असलेले महत्त्व इतर फार थोड्या वैद्यकशाखांत आढळते. [⟶ तंत्रिका तंत्र, बालवैद्यक].

इतिहास : बालकांना येणाऱ्या आकडीचे उल्लेख प्राचीन वैद्यक ग्रंथांत आढळतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रहांचे वर्णन असून त्यांपैकी ‘स्कंदापस्मार’ या नावातच अपस्माराशी असलेले साम्य व्यक्त झाले आहे. आधुनिक काळात विल्यम जेम्स वेस्ट या इंग्रज वैद्यांनी १८४१ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात एका अर्भकाला वारंवार येणाऱ्या, मान व धड पुढे झुकविणाऱ्या झटक्यांचे वर्णन केले. ते अर्भक त्यांचा स्वतःचाच मुलगा होता. सर्व प्रचलित उपाय थकल्यामुळे अन्य वैद्यांनी मार्ग सुचवावा, या हेतूने त्यांनी ते पत्र लिहिले होते. या विकारास पुढे ‘वेस्ट संलक्षण’ हे नाव मिळाले. १८६१ मध्ये विल्यम जॉन लिटल यांनी कष्टप्रद वा अकाली प्रसूती आणि बालकाच्या अवयवांतील ताठरपणा यांचा संबंध लंडन येथील प्रसूतिविज्ञान मंडळापुढे मांडला. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मध्ये बालकांतील मस्तिष्कीय पक्षाघातावर विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. कष्टप्रद प्रसूती हे नेहमीच कारण असेल असे नाही, गर्भावस्थेतच उद्‌भवलेल्या दोषाचा तो परिणामही असू शकेल, असे त्यांनी सुचविले. पुढील संशोधनाने हा विचार बव्हंशी ग्राह्य ठरविला.

निदानाच्या साधनांत हाइन्‌रिख क्विंक यांनी १८९१ मध्ये प्रचारात आणलेला कटिवेध, हान्स बेर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेले मानवी मेंदूचे विद्युत् आलेखन आणि गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या प्रयत्नांतून १९७१ मध्ये रुग्णावर प्रथम वापरण्यात आलेले सीटी स्कॅन हे महत्त्वाचे टप्पे होत. १९८० नंतर चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन (एमआरआय) आणि त्यानंतर जनुकीय परीक्षा यांची भर पडली. उपचारांच्या इतिहासात फिनिलकीटोनमेह या विकाराला विशेष स्थान आहे. नॉर्वेतील आस्ब्यर्न फलिंग यांनी १९३४ मध्ये दोन मतिमंद भावंडांच्या मूत्रातून हा विकार शोधून काढला. १९५३ मध्ये होर्स्ट बिकेल व त्यांचे सहकारी यांनी विशिष्ट आहाराने त्यावर नियंत्रण मिळविता येते, असे दाखविले. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतून काढलेल्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यावर करावयाची चाळणी परीक्षा प्रचारात आणली. मतिमंदत्व काही प्रसंगी टाळता येते, ही कल्पना यामुळे सिद्ध झाली.

मेंदूची वाढ व विकास : जन्मसमयी मेंदूचे वजन सु. ३५० ते ४०० ग्रॅ. असते. पहिल्या वर्षात ते दुपटीहून अधिक होते आणि दोन वर्षांच्या सुमारास प्रौढ मेंदूच्या वजनाच्या तीन-चतुर्थांशापर्यंत पोहोचते. या काळात तंत्रिका कोशिकांमधील जोडण्या वेगाने निर्माण होतात, वापरात नसलेल्या जोडण्या नाहीशा होतात आणि तंत्रिका तंतूंवर मेदयुक्त आवरण चढते. मेंदूच्या वाढीचे सर्वांत सोपे मापन म्हणजे डोक्याचा घेर होय. पूर्ण दिवसांच्या अर्भकात तो सु. ३५ सेंमी. असतो. पहिले तीन महिने तो दरमहा सु. २ सेंमी., पुढील तीन महिने दरमहा सु. १ सेंमी. आणि नंतरचे सहा महिने दरमहा सु. ०·५ सेंमी. वाढतो. एका मापनापेक्षा काही महिन्यांच्या मापनांचा आलेख अधिक उपयुक्त असतो. आलेख अपेक्षित रेषा सोडून वर जात असल्यास जलशीर्षाची आणि खाली जात असल्यास मेंदूची वाढ खुंटल्याची शंका घ्यावी लागते. डोक्याच्या मागील टाळू जन्मानंतर सु. दोन महिन्यांत, तर पुढील टाळू सामान्यतः नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान भरून येते.

विकासाचा क्रम डोक्याकडून पायांकडे असतो. सहा ते आठ आठवड्यांचे अर्भक ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसते. तीन ते चार महिन्यांत ते मान सावरते, सहा ते आठ महिन्यांत आधाराशिवाय बसू लागते आणि बारा ते पंधरा महिन्यांत चालू लागते. वर्षाच्या सुमारास एखादा अर्थपूर्ण शब्द व दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्दांचे वाक्य अपेक्षित असते. निरोगी बालकांतही या टप्प्यांत पुष्कळ फरक आढळतो. तथापि चार महिन्यांनंतरही मान न सावरणे, नऊ-दहा महिन्यांनंतरही न बसणे, अठरा महिन्यांनंतरही न चालणे आणि कोणत्याही वयात आधी आलेले कौशल्य नाहीसे होणे या गोष्टी तपासणीस पात्र होत. एक वर्षापूर्वीच मूल सतत एकच हात वापरू लागल्यास ते डावखुरे किंवा उजवे असल्याचे लक्षण न मानता दुसऱ्या हाताच्या दुर्बलतेची शक्यता पडताळावी लागते.

निदान : (१) वृत्तांत : बहुतेक निदानांचा पाया मातेने सांगितलेला वृत्तांत हाच असतो. गर्भारपणातील आजार व औषधे, प्रसूतीचे स्वरूप, बालक जन्मताच रडले किंवा कसे, जन्मवजन, कावीळ, स्तनपानातील अडचणी, विकासाचे टप्पे, लसीकरण, मातापित्यांचे रक्तसंबंध आणि भावंडांतील तत्सम आजार यांची क्रमवार नोंद करतात. त्यातून निर्णायक प्रश्नाचे उत्तर मिळवावयाचे असते : विकार स्थिर आहे की वर्धिष्णू? प्रारंभापासूनच मंद गतीने पण पुढे जाणारा विकास हा बहुधा स्थिर विकृतीचा निदर्शक असतो. काही काळ नीट झालेला विकास थांबून मूल मागे जाऊ लागल्यास चयापचयाचा, ऱ्हासाचा किंवा अर्बुदाचा विकार शोधावा लागतो. आकडीच्या बाबतीत वैद्यांना प्रत्यक्ष झटका क्वचितच पाहावयास मिळतो. त्यामुळे घरच्यांनी भ्रमणध्वनीवर टिपलेले चित्रण अलीकडे फार उपयोगी ठरले आहे.

(२) शारीरिक तपासणी : लहान मुलाची तपासणी बव्हंशी निरीक्षणाने आणि मूल मातेच्या मांडीवर असतानाच करतात. चेहऱ्याची ठेवण, त्वचेवरील खुणा, नजर, हालचालींतील समतोल, स्नायूंची तानता आणि प्रतिक्षेपी क्रिया पाहतात. त्वचा व तंत्रिका तंत्र यांची उत्पत्ती भ्रूणाच्या एकाच स्तरापासून होत असल्याने त्वचेवरील खुणा मार्गदर्शक ठरतात. उदा., पानाच्या आकाराचे फिकट डाग कंदीय काठिण्य या आनुवंशिक विकाराची, तर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग तंत्रिकातंतु-अर्बुदतेची शंका निर्माण करतात. नवजात अर्भकात दचकण्याची, पकडण्याची व चोखण्याची अशा काही आदिम प्रतिक्षेपी क्रिया असतात. दचकण्याची क्रिया सामान्यतः चार ते सहा महिन्यांत नाहीशी होते. जन्मसमयी तिचा अभाव, एकाच बाजूस अभाव किंवा सहा महिन्यांनंतरही तिचे टिकून राहणे ही तिन्ही विकृतीची चिन्हे होत.

(३) प्रयोगशालेय व प्रतिमादर्शक परीक्षा : टाळू उघडी असेपर्यंत तिच्यातून श्राव्यातीत ध्वनीने मेंदूचे चित्र घेता येते. ही परीक्षा अर्भकाच्या खाटेपाशीच करता येते व तीत किरणोत्सर्ग नसतो. रक्तस्राव, कॅल्शियमाचे साठे व अपघाती इजा सीटी स्कॅनमध्ये त्वरित दिसतात. मेंदूची रचना, तंतूंवरील आवरणाची प्रगती आणि सूक्ष्म विकृती यांसाठी एमआरआय श्रेष्ठ होय, परंतु त्यासाठी लहान मुलास निद्रौषध द्यावे लागते. विद्युत् मस्तिष्कालेखनाने अपस्माराचा प्रकार ठरविण्यास मदत होते. झटक्यांच्या मधल्या काळातील आलेख निर्दोष असला, तरी त्यामुळे अपस्मार नाही असे सिद्ध होत नाही. उलट केवळ आलेखातील दोषावरून, झटके नसताना, औषध सुरू करणेही युक्त नव्हे. मस्तिष्क-मेरुद्रवाची परीक्षा मस्तिष्कावरणशोथात निर्णायक असते. पूयजनक जंतूंच्या संसर्गात त्यातील बहुरूपकेंद्रकी श्वेतकोशिका वाढतात व ग्लुकोज कमी होते. क्षयजन्य प्रकारात लसीका कोशिका वाढून ग्लुकोज कमी होते, तर विषाणुजन्य प्रकारात ग्लुकोज सामान्यतः कमी होत नाही. याशिवाय रक्तातील ग्लुकोज, कॅल्शियम, अमोनिया व लॅक्टिक अम्ल, अवटू ग्रंथीचे हॉर्मोन, गुणसूत्रांची व जनुकांची परीक्षा आवश्यकतेनुसार करतात. श्रवण व दृष्टी यांची तपासणी मात्र विकास मंदावलेल्या प्रत्येक मुलात करणे आवश्यक असते. बहिऱ्या मुलास मतिमंद ठरविण्याची चूक एवढ्यानेच टळते.

नवजात अर्भकाचे विकार : जन्मसमयी ऑक्सिजन व रक्तपुरवठा अपुरा पडल्यास मेंदूस इजा होते. असे अर्भक पहिल्याच दिवशी सुस्त किंवा अतिउत्तेजित दिसते, दूध ओढत नाही व त्यास आकडी येते. नवजाताची आकडी प्रौढाप्रमाणे सर्वांगाची नसते. ओठ चाटणे, एकटक पाहणे, सायकल चालविल्याप्रमाणे पाय हलविणे किंवा श्वास थांबणे एवढ्याच स्वरूपात ती दिसते. रक्तातील ग्लुकोज व कॅल्शियम तत्काळ तपासून त्यांची उणीव भरून काढणे ही पहिली कृती होय. जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करून बहात्तर तास शरीराचे तापमान ३३° ते ३४° से. ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत गुणकारी ठरला. तथापि भारत, श्रीलंका व बांगला देश येथील रुग्णालयांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही, उलट मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. एका परिस्थितीत सिद्ध झालेला उपचार दुसऱ्या परिस्थितीत पुन्हा तपासून पाहावा लागतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

नवजात काविळीत बिलिरुबिनाचे प्रमाण फार वाढल्यास ते मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रकांत शिरते. त्याचा परिणाम म्हणून बहिरेपणा व अनैच्छिक पिळवटणाऱ्या हालचाली कायमच्या राहतात. निळ्या प्रकाशाचा उपचार व क्वचित रक्तबदल यांनी ही हानी पूर्णपणे टळू शकते.

जन्मजात रचनादोष : गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्याच्या अखेरीस तंत्रिका नलिका मिटते. ती नीट न मिटल्यास मेंदूचा बराचसा भाग नसणे किंवा पाठीच्या कण्यात फट राहून मेरुरज्जू व त्याची आवरणे पिशवीच्या रूपाने बाहेर येणे असे दोष उद्‌भवतात. दुसऱ्या प्रकारात पायांचा पक्षाघात, मूत्राशयावरील ताबा नसणे व जलशीर्ष हे अनेकदा सोबत असतात. पूर्वी असे मूल झालेल्या मातांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अम्ल घेतल्यास या दोषांची पुनरावृत्ती सु. ७२ टक्क्यांनी कमी होते, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसले. सर्वसामान्य स्त्रीस यासाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम मात्रा पुरते. मात्र ती गर्भधारणेपूर्वीच सुरू व्हावी लागते, कारण गर्भ राहिल्याचे लक्षात येईपर्यंत नलिका मिटण्याचा काळ बहुधा उलटून गेलेला असतो.

मस्तिष्क-मेरुद्रवाच्या मार्गात अडथळा आल्यास मेंदूची विवरे फुगतात व अर्भकाचे डोके वेगाने वाढते. टाळू फुगीर व ताणलेली लागते, डोक्यावरील नीला ठळक होतात आणि बुबुळे मावळत्या सूर्याप्रमाणे खालच्या पापणीत जातात. विवरातील द्रव नळीने उदरपोकळीत वळविणे किंवा अंतर्दर्शकाच्या साहाय्याने तिसऱ्या विवरास नवे द्वार करणे, हे त्यावरील उपाय होत. [⟶ जलशीर्ष].

मस्तिष्कीय पक्षाघात : पालकांमध्ये सेरेब्रल पाल्सी या नावाने परिचित असलेला हा विकार म्हणजे विकसनशील मेंदूला झालेल्या, पुढे न वाढणाऱ्या इजेमुळे हालचाल व अंगस्थिती यांत आलेला कायमचा दोष होय. दर हजार जिवंत जन्मांमागे सु. दोन ते तीन बालकांत तो आढळतो. अकाली जन्म, गर्भावस्थेतील संसर्ग, मेंदूचे रचनादोष, जन्मसमयीची इजा, तीव्र कावीळ व मस्तिष्कावरणशोथ ही त्याची कारणे होत. ताठर, अनैच्छिक हालचालींचा आणि असमन्वयी असे त्याचे मुख्य प्रकार असून ताठर प्रकार सर्वाधिक आढळतो. मेंदूतील इजा स्थिर असली, तरी तिचे आविष्कार बदलत असतात. पहिल्या काही महिन्यांत सैल वाटणारे मूल वर्षाच्या सुमारास ताठर होते आणि उपचार न झाल्यास वाढत्या वयात सांधे आखडतात.

या विकारात बुद्धी नेहमीच मंद असते, हा समज चुकीचा आहे. विशेषतः अनैच्छिक हालचालींच्या प्रकारात उच्चार अस्पष्ट व चेहरा वेडावाकडा होत असूनही आकलन उत्तम असू शकते. बोलता न येणाऱ्या मुलास काही समजत नाही असे गृहीत धरल्याने अशी अनेक मुले शिक्षणास मुकली आहेत. चित्रफलक व संगणकीय साधने यांच्या साहाय्याने त्यांना संवाद साधता येतो. उपचारांत भौतिकी चिकित्सा, व्यवसायोपचार, वाचोपचार, आधारपट्ट्या, स्नायूतील ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन, निवडक स्नायूंत बोट्युलिनम विषाचे अंतःक्षेपण आणि अस्थिशल्यचिकित्सा यांचा समावेश होतो. इजा झालेला मेंदू पूर्ववत करणारा उपाय उपलब्ध नाही. मूळ कोशिकांच्या नावाखाली देण्यात येणाऱ्या खर्चिक उपचारांना नित्याची चिकित्सा म्हणून मान्यता मिळालेली नाही.

आकडी व अपस्मार : सहा महिने ते पाच वर्षे या वयात, मेंदूत संसर्ग नसताना, तापासोबत येणारी आकडी दोन ते पाच टक्के बालकांत आढळते. साधी आकडी सर्वांगाची, पंधरा मिनिटांहून कमी काळ टिकणारी व चोवीस तासांत एकदाच येणारी असते. सु. एकतृतीयांश मुलांत ती पुन्हा येते. तथापि तिच्यामुळे बुद्धीस इजा होत नाही व पुढे अपस्मार होण्याची शक्यता किंचितच वाढते. पालकांचे समाधान व तापाचे मूळ कारण शोधणे एवढेच उपचार बहुधा पुरेसे असतात.

आकडी चालू असताना मुलास कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत व वेळ पाहावी. कांदा किंवा चप्पल हुंगविणे, दातांत चमचा घालणे, तोंडात पाणी ओतणे हे प्रकार निरुपयोगी असून शेवटचे दोन घातक आहेत. झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक टिकल्यास तो आपोआप थांबण्याची शक्यता कमी होते. अशा वेळी नाकात किंवा गालाच्या आतील बाजूस मिडॅझोलामाची योग्य मात्रा देऊन रुग्णालय गाठावे लागते. ज्या मुलास वारंवार दीर्घ झटके येतात, त्याच्या घरी हे औषध ठेवून मातापित्यांना त्याचा वापर शिकवितात.

तापाविना वारंवार येणाऱ्या झटक्यांस अपस्मार म्हणतात. बालवयातील अपस्माराचे अनेक प्रकार असून वय, झटक्याचे स्वरूप व आलेख यांवरून ते ओळखतात. शाळकरी मुलातील क्षणिक शुद्धिलोपाचा प्रकार बराच काळ निष्काळजीपणा समजला जातो. मूल लिहिता लिहिता काही सेकंद थांबते, एकटक पाहते आणि पुन्हा लिहू लागते. दोन ते तीन मिनिटे जोराने श्वासोच्छ्‌वास करावयास लावल्यास वैद्यांसमोरच असा झटका येऊ शकतो. इथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट या औषधांनी तो आटोक्यात येतो. योग्य औषधाने सु. ७० टक्के रुग्णांचे झटके थांबतात व त्यांपैकी अनेक मुलांत काही वर्षांनी औषध हळूहळू बंद करता येते. औषध अचानक थांबविणे मात्र धोक्याचे असते. औषधांस न जुमानणाऱ्या अपस्मारात स्निग्ध पदार्थांचे प्रमाण अतिशय वाढविलेला आहार किंवा मेंदूतील विकृत भागाची शस्त्रक्रिया यांचा विचार करतात.

वेस्ट संलक्षण सामान्यतः तीन ते बारा महिन्यांच्या दरम्यान सुरू होते. झोपेतून उठताना अर्भक एकापाठोपाठ अनेकदा दचकल्यासारखे हात पसरून पुढे वाकते. पोटदुखी किंवा नुसते दचकणे समजून अनेक आठवडे वाया जातात. त्याच काळात मूल हसेनासे होते व नजर स्थिरावेनाशी होते. विद्युत् आलेखात अत्यंत विस्कळित असे उंच तरंग दिसतात. एसीटीएच हे हॉर्मोन, प्रेडनिसोलोन किंवा व्हिगाबॅट्रिन यांनी उपचार करतात. कंदीय काठिण्य असल्यास व्हिगाबॅट्रिन अधिक उपयुक्त असते. उपचार जितका लवकर तितका पुढील बौद्धिक विकास बरा, असे दिसून आले असल्याने हा विकार तातडीचा मानतात. वेस्ट यांच्या काळी यावर कोणताच उपाय नव्हता. आज उपाय असूनही न ओळखल्यामुळे होणारी हानी हीच मुख्य अडचण आहे. [⟶ अपस्मार].

संसर्गजन्य विकार : अर्भकातील मस्तिष्कावरणशोथात मान ताठ असेलच असे नाही. ताप, दूध न पिणे, किरकिर, टाळू फुगणे व गुंगी ही लक्षणे पुरेशी समजून कटिवेध करावा लागतो व प्रतिजैव औषध विनाविलंब सुरू करतात. क्षयजन्य प्रकार मंदगतीने येतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, वजन घटणे, चिडचिड व उलट्या एवढीच लक्षणे असतात. या अवस्थेत उपचार मिळाल्यास मूल पूर्ण बरे होऊ शकते. बेशुद्धीच्या अवस्थेत मिळाल्यास वाचलेल्यांतही पक्षाघात, अंधत्व व जलशीर्ष राहतात. क्षयविरोधी औषधे सु. एक वर्ष व प्रारंभी स्टेरॉइडे देतात. बीसीजी लस या गंभीर प्रकारापासून बरेच संरक्षण देते.

डुकरातील पट्टकृमीची अंडी मानवी विष्ठेने दूषित झालेल्या भाज्या किंवा पाणी यांतून पोटात गेल्यास त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन आवेष्टित होतात. शाकाहारी कुटुंबांतील मुलांतही हा विकार आढळण्याचे कारण हेच होय. पूर्वी निरोगी असलेल्या भारतीय शाळकरी मुलास अचानक एका बाजूचे झटके आल्यास ही शक्यता प्रथम विचारात घेतात. आल्बेंडाझोल, स्टेरॉइड व अपस्मारविरोधी औषध यांनी बहुतेक मुले बरी होतात.

विषाणुजन्य मस्तिष्कशोथात जपानी मस्तिष्कशोथ डासांमुळे पसरतो व त्यावर लस उपलब्ध आहे. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळील चांदीपुरा या गावातील तापाच्या रुग्णांत आढळला व पुणे येथील विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले. वालुमक्षिकांद्वारे पसरणाऱ्या या विषाणूने २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्र आणि २०२४ मध्ये गुजरात येथे बालकांत मोठे उद्रेक घडविले. ताप आल्यापासून एक-दोन दिवसांतच मूल दगावू शकते. विशिष्ट औषध नसल्याने झटके, रक्तशर्करा व मेंदूवरील दाब यांवर तातडीने नियंत्रण ठेवणे एवढेच हाती असते. गोवराच्या संसर्गानंतर काही वर्षांनी उद्‌भवणारा अनुतीव्र काठिण्यकारी मस्तिष्कशोथ अभ्यासातील घसरण व अंगास बसणारे हिसके यांनी सुरू होतो व बहुधा प्राणघातक ठरतो. गोवराची लस हाच त्यावरील खरा उपाय होय.

बालपक्षाघाताचा (पोलिओचा) नैसर्गिक विषाणूने झालेला भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला व मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. तथापि पंधरा वर्षांखालील मुलास अकस्मात शिथिल पक्षाघात झाल्यास त्याची नोंद व विष्ठेच्या दोन नमुन्यांची तपासणी करतात. अशा मुलांत आता बहुधा गीयँ-बारे संलक्षण आढळते. श्वसनस्नायू दुर्बल होत असल्याने त्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. नीलेतून प्रतिरक्षी ग्लोब्युलिने दिल्यास सुधारणा लवकर होते.

चयापचयाचे व पोषणाचे विकार : जन्मजात अवटुन्यूनता हे टाळता येण्याजोग्या मतिमंदत्वाचे सर्वांत महत्त्वाचे कारण होय. जन्मसमयी मूल बहुधा निरोगी दिसते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सीन सुरू केल्यास बुद्धीची वाढ सर्वसाधारण होते. सुस्त चेहरा, मोठी जीभ व बद्धकोष्ठ ही लक्षणे स्पष्ट होईपर्यंत वाट पाहिल्यास मेंदूचे नुकसान पूर्णतः भरून येत नाही. म्हणून प्रत्येक नवजाताची रक्तपरीक्षा इष्ट होय. क्वचित आढळणारी पिरिडॉक्सीन-अवलंबी आकडी त्या जीवनसत्त्वाने, तर बायोटिनिडेज-न्यूनता बायोटिनाने आटोक्यात येते. विल्सन रोगात साठणारे तांबे औषधांनी शरीराबाहेर काढता येते. असे विकार दुर्मिळ असले, तरी त्यांवर निश्चित उपाय असल्याने ते वगळल्याखेरीज मुलास असाध्य ठरवू नये, असा संकेत आहे.

बालकंप संलक्षण हा प्रामुख्याने भारतात वर्णिलेला विकार आहे. सहा महिने ते दोन वर्षांचे, केवळ अंगावरच्या दुधावर वाढलेले, वरून गुटगुटीत दिसणारे मूल फिकट पडते, बोटांच्या सांध्यांवर काळसर वर्ण येतो, केस विरळ व तांबूस होतात, मूल शिकलेले विसरते व मग त्याचे हातपाय व डोके कापू लागते. मातेतील ब१२ जीवनसत्त्वाची उणीव हे त्याचे प्रमुख कारण मानतात. ते जीवनसत्त्व दिल्यावर काही दिवसांतच मूल हसू-खेळू लागते. सहा महिन्यांनंतर पूरक आहार व गर्भवतीचे योग्य पोषण यांनी हा विकार टळतो.

स्नायू व परिसरीय तंत्रिका यांचे विकार : अर्भक अत्यंत सैल, परंतु चेहऱ्याने सावध व चौकस असेल, प्रतिक्षेपी क्रिया नसतील आणि जिभेवर सूक्ष्म स्फुरणे दिसत असतील, तर मेरुरज्जुजन्य स्नायुक्षयाची शंका घेतात. याला कारणीभूत जनुक १९९५ मध्ये ओळखण्यात आला. २०१६ नंतर न्यूसिनर्सेन, जनुकचिकित्सा व रिस्डिप्लाम हे उपचार उपलब्ध झाले. पूर्वी दोन वर्षांच्या आत दगावणारी मुले बसू व चालूही लागल्याची उदाहरणे आहेत. मात्र एकदाच द्यावयाच्या जनुकचिकित्सेची अमेरिकेतील प्रारंभीची किंमत २० लक्ष डॉलरांहून अधिक होती. अशा वेळी विज्ञानापेक्षा अर्थकारणच निर्णायक ठरते.

द्यूशेन स्नायुदुष्पोषण मुलग्यांत आढळते. तीन ते पाच वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, जिना चढताना अडखळतो, पोटऱ्या जाड दिसतात आणि जमिनीवरून उठताना तो स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत वर येतो. रक्तातील क्रिआटीन कायनेजचे प्रमाण फार वाढलेले असते. स्टेरॉइडांनी चालण्याची क्षमता काही वर्षे लांबविता येते. निदान लवकर झाल्यास मातेच्या पुढील गर्भारपणाआधी आनुवंशिक सल्ला देता येतो. विलंब झाल्यास त्याच घरात दुसरा रुग्ण जन्मास येण्याचा संभव असतो.

प्रतिबंध व पुनर्वसन : गर्भवतीची देखभाल, सुरक्षित प्रसूती, जन्मताच श्वास न घेणाऱ्या अर्भकास पहिल्या मिनिटात दिलेले साहाय्य, लसीकरण, आयोडीनयुक्त मीठ, नवजात चाळणी परीक्षा व अपघातापासून संरक्षण हे प्रतिबंधाचे प्रमुख मार्ग होत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्यानुसार अंगणवाड्या व शाळांतील बालकांची तपासणी करून विकासातील दोष आढळलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत पाठवितात. मस्तिष्कीय पक्षाघात झालेल्या मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईत १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मस्तिष्कीय पक्षाघात, स्नायुदुष्पोषण, स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश आहे. अपस्मार हे हिंदू विवाह अवैध ठरविण्याचे कारण १९९९ च्या दुरुस्तीने कायद्यातून वगळण्यात आले. समाजातील समज मात्र त्याच गतीने बदललेले नाहीत. मुलीचा आजार लपविण्यासाठी औषध बंद करणे व आकडीच्या मुलास शाळेतून काढणे असे प्रकार अद्याप घडतात.

बालतंत्रिकावैद्यकातील अनेक विकार पूर्णपणे बरे होत नाहीत. तरीही निदानाला मोल असते. त्यामुळे उपचारक्षम विकार वेगळे काढता येतात, निरर्थक उपाय व त्यांवरील खर्च थांबतो, पुढील अपत्याविषयी सल्ला देता येतो आणि मातेच्या मनातील अकारण अपराधभावना दूर होते. मुलाची उरलेली क्षमता ओळखून तिच्यानुसार त्याचे शिक्षण व संगोपन आखणे, हे बरे न होणाऱ्या विकारातही करता येण्याजोगे काम असून ते वैद्य, उपचारतज्ञ, शिक्षक व कुटुंबीय यांना मिळूनच करावे लागते.